जुन्या पात्रांवाचा शब्द : रेफरन्स घ्यावा कसा, द्यावा कसा आणि त्याचा गैरवापर झाला तर काय करावे

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली की गोव्याच्या बार्देशातल्या हॉटेलांत भरतीची धांदल सुरू होते. ऑक्टोबरात पाहुणे यायच्या आत स्टुअर्ड, हाउसकीपिंग, किचन, फ्रंट ऑफिस अशा सगळ्या जागा भरायच्या असतात. पेडणे, डिचोली, सत्तरीतून आणि पत्रादेवीपलीकडून, म्हणजे बांदा, सावंतवाडी, दोडामार्गातून मुले-मुली बायोडेटा घेऊन येतात. मुलाखत वीस मिनिटांची. मग जुन्या साहेबाला, म्हणजे पात्रांवाला, रेफरन्ससाठी फोन, तो जेमतेम पाच मिनिटांचा. त्या पाच मिनिटांवर कुणाचा तरी अख्खा हंगाम ठरतो. सतरा वर्षे हॉटेलांच्या एचआरमध्ये मी असे फोन केले आणि घेतलेही.

त्यातला एक मला आजही टोचतो. पेडणे तालुक्यातली एक मुलगी फ्रंट ऑफिससाठी आली होती. बोलणे नेटके, पाहुण्याने आवाज चढवला तर काय करशील या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर मला फार आवडले होते. तिच्या आधीच्या मॅनेजरना फोन लावला. ते म्हणाले, “मुलगी हुशार आहे हो मॅडम, पण ॲटिट्यूडचा प्रॉब्लेम आहे. बाकी तुम्ही बघा.” मी आभार मानले आणि तिच्या नावावर काट मारली. सात-आठ महिन्यांनी त्याच हॉटेलातला एक नाइट ऑडिटर आमच्याकडे रुजू झाला. बोलता बोलता त्याच्याकडून कळले की त्या मुलीने तीन महिन्यांच्या ओव्हरटाइमचा हिशेब लेखी मागितला होता. तिचा ॲटिट्यूड तो एवढाच. मॅनेजर खोटे बोलले असे मला म्हणता येत नाही. त्यांना ती खरोखरच तशी वाटली असेल. चूक माझी होती. “म्हणजे नेमके काय झाले होते?” हा एक प्रश्न मी विचारला नाही.

हा लेख त्या प्रश्नापासून सुरू होतो. माणसे घेणाऱ्यांसाठी तो आहेच, पण ज्यांच्याबद्दल फोनवर बोलले जाते आणि ज्यांना ते बोलणे कधी ऐकायला मिळत नाही, त्यांच्यासाठी जास्त आहे.

मालकाच्या शब्दाला वजन किती द्यावे

जुना पात्रांव बोलतो तेव्हा तो कामगाराबद्दल सांगतोय असे आपल्याला वाटते. बहुतेक वेळा तो त्या दोघांमधल्या नात्याबद्दल सांगत असतो. नाते गोड संपले असेल तर माणूस चांगला, कडू संपले असेल तर माणूस वाईट. त्यात त्याचा स्वतःचा स्वार्थही मिसळलेला असू शकतो.

डिसेंबरच्या तोंडावर चांगला तंदूरवाला सोडून जाऊ नये म्हणून “भरवशाचा नाही तो, कधीही गावी जातो” असे सांगणारे मालक मी ऐकले आहेत. त्याच्या उलटही होते. एका स्टोअरकीपरबद्दल मला फोनवर इतके चांगले सांगितले गेले की मी दुसरा फोन केलाच नाही. सहा महिन्यांत आमच्या स्टोअरचा स्टॉक आणि रजिस्टर जुळेना. पुन्हा त्याच साहेबांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “आमच्याकडेही थोडे तसेच झाले होते, पण पोलीस, चौकशी नको म्हणून शांतपणे सोडले.” नको असलेला माणूस बिनबोभाट दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे त्याची तोंड भरून स्तुती. म्हणून मला वाईट रेफरन्सइतकीच भीती अति चांगल्या रेफरन्सची वाटते.

शिवाय गोवा केवढासा! साहेब आणि उमेदवार एकाच वाड्यावरचे निघतात, एकाच देवस्थानच्या समितीत दोघांचे काका असतात. तिथे शिफारस आणि वशिला यांच्यातली रेघ पुसट होते.

या विषयावर संशोधनही पुष्कळ झाले आहे. अमेरिकेतल्या श्मिट आणि हंटर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये माणूस निवडण्याच्या निरनिराळ्या पद्धतींवरची ८५ वर्षांची संशोधने एकत्र मांडली. निवड करताना केलेला अंदाज आणि पुढे प्रत्यक्ष दिसलेले काम यांचा मेळ किती बसतो, हे त्यांनी आकड्यांत सांगितले. शून्य म्हणजे काही संबंध नाही, एक म्हणजे तंतोतंत मेळ. रेफरन्स तपासणीचा आकडा आला ०.२६. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारून घेतलेल्या मुलाखतीचा ०.५१ आणि प्रत्यक्ष काम करून दाखवायच्या चाचणीचा ०.५४. पुढे २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे पुन्हा तपासले तेव्हा बरेच खाली आले, पण आखीव मुलाखत त्यातही सर्वात वर राहिली, ०.४२ वर. आपल्या कामापुरता याचा अर्थ असा : आचारी घ्यायचा असेल तर त्याला तासभर किचनमध्ये उभा करा. जुन्या शेफला केलेला फोन त्या तासाची जागा घेऊ शकत नाही. फोन करा, पण जे दिसले ते ताडून पाहण्यासाठी.

हा प्रश्न आजचा नाही. इंग्रजांच्या काळात घरकाम करणारे खानसामे, बटलर, आया मागच्या साहेबांनी लिहिलेल्या चिठ्ठ्यांचे पुडके जपून ठेवत. आपल्याकडच्या ‘चिठ्ठी’वरूनच इंग्रजीत ‘चिट’ हा शब्द गेला. त्या चिठ्ठ्या भाड्याने मिळत, बनावट लिहून मिळत. आणि इंग्रजी वाचता न येणारा एखादा बिचारा स्वतःचीच निंदा लिहिलेला कागद अभिमानाने पुढे करी. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर तर प्रत्येक सफरीनंतर खलाशाच्या डिस्चार्ज बुकात काम आणि वर्तन अशा दोन रकान्यांत शिक्का बसे. ‘व्हेरी गुड’ असेल तर ठीक. कप्तानाने ‘डिक्लाइन टू रिपोर्ट’, म्हणजे ‘मत देण्यास नकार’, असा शिक्का मारला की पुढचे जहाज मिळणे अवघड. आरोप नाही, कारण नाही, फक्त नकार. गोव्यातल्या तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या, कुटुंबांना अशा पुस्तकाचे मोल सांगायला नको. आजच्या फोनवरचे “बाकी तुम्ही बघा” ऐकले की मला तो शिक्का आठवतो.

माणूस घेणाऱ्यासाठी

पायरी १ : आधी विचारा, मग फोन करा. उमेदवार अजून जुन्या जागी कामाला असेल तर त्याच्या सध्याच्या साहेबाला फोन करू नका. कळंगुटातला एक मॅनेजर कांदोळीतल्या दुसऱ्याला रोज भेटत असतो. तुमचा फोन गेला की संध्याकाळपर्यंत त्या मुलाची ड्युटी बदलते आणि तुम्ही त्याला घेतले नाही तर तो दोन्हीकडून जातो. ऑफर लेटर हातात दिल्यावर, त्याच्या लेखी संमतीने सध्याच्या साहेबाशी बोला. त्याआधी फक्त त्याहून जुन्या जागा तपासा.

पायरी २ : जे कागदावर कळते ते माणसाला विचारू नका. कधी लागला, कधी सोडले, पद काय होते, यासाठी कुणाच्या आठवणीवर विसंबायचे कारण नाही. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेत जमा झालेला पगार आणि भविष्य निर्वाह निधीची (पीएफ) नोंद पुरते. वीस किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनांना पीएफचा कायदा लागू असतो, आणि २०१४ पासून सभासदाचा यूएएन क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो. उमेदवाराला त्याच्याच मोबाइलवर सर्व्हिस हिस्टरी उघडून दाखवायला सांगा. कुठे, कधीपासून, कधीपर्यंत, सगळे समोर येते. पासवर्ड मागू नका, स्क्रीनशॉटही त्याने स्वतः पाठवला तरच ठेवा.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पीएफची तारीख उशिराची दिसली म्हणजे उमेदवार खोटे बोलतो असे नाही. कित्येक मालक पहिले काही महिने नाव चढवतच नाहीत. शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळीत, काम केलेल्याचे तर बहुधा काहीच सापडणार नाही.

पायरी ३ : नंबर स्वतः शोधा. बायोडेटावर ‘जीएम’ म्हणून दिलेला मोबाइल मावसभावाचाही असू शकतो. हॉटेलच्या मुख्य नंबरवर फोन करून “फ्रंट ऑफिस मॅनेजर आहेत का?” असे विचारा. ते साहेब ती जागा सोडून गेले असतील तर जुन्या ऑफिसातल्या कुणाकडून तरी, ते खरोखर तिथे होते ना आणि उमेदवार त्यांच्याच हाताखाली होता ना, एवढे पक्के करा. शंका आली तर आतल्या माणसालाच माहीत असेल असे काही सहज विचारा. ब्रेकफास्टला साधारण किती कव्हर (जेवणारे) होत, स्टाफ मेस कुठे होती, बुकिंगचे सॉफ्टवेअर कुठले होते. बनावट साहेब इथे अडखळतो.

पायरी ४ : एकावर थांबू नका. एक साहेब, एक बरोबरीचा सहकारी आणि उमेदवार सुपरवायझर असेल तर त्याच्या हाताखाली राबलेला एक जण. हाताखालच्या माणसाला कुणी विचारत नाही, आणि सुपरवायझरबद्दल सर्वात खरे त्यालाच माहीत असते. कॅप्टन टिप्स कशा वाटायचा, रोस्टर लावताना रविवार कुणाला द्यायचा, पाहुणा ओरडला तर पुढे व्हायचा की स्टुअर्डला पुढे करायचा, हे जीएमला वरून दिसत नाही.

पायरी ५ : प्रश्न लिहून ठेवा आणि सगळ्यांना तेच विचारा. “कसा आहे माणूस?” हा प्रश्न कायमचा टाकून द्या. त्याचे उत्तर ‘चांगला’ किंवा ‘ठीक आहे’ एवढेच येते. मी शेवटची काही वर्षे असे बोलत असे :

“नमस्कार साहेब, मी अमुक हॉटेलातून बोलतेय. तुमच्याकडे हाउसकीपिंगला असलेल्या अमक्याने तुमचे नाव दिले आहे, त्याच्या परवानगीनेच फोन केला. दहा मिनिटे आहेत का? नसतील तर संध्याकाळी करते.”

मग क्रमाने : तो तुमच्या थेट हाताखाली किती काळ होता? रोजचे काम नेमके काय होते? त्याने केलेले एखादे काम तुम्हाला आठवते का, जे दुसऱ्याला जमले नसते? कुठे त्याला मदत लागायची? कधी चूक झाली तर पुढे काय केले त्याने? सोडून का गेला, आणि हे तुम्हाला कुणी सांगितले? आणि शेवटी : उद्या जागा रिकामी असेल तर त्याला परत घ्याल का, आणि कुठल्या कामावर?

शेवटच्या प्रश्नाआधी जी शांतता पडते ती ऐका. पण तिच्यावर निकाल देऊ नका. कदाचित साहेबांच्या समोर पाहुणा उभा असेल.

पायरी ६ : विशेषण ऐकले की घटना मागा. माझ्या सतरा वर्षांतून एकच नियम उरला असेल तर तो हा. ‘आळशी’, ‘उर्मट’, ‘प्रामाणिक’, ‘हिरा’ या शब्दांत बोलणारा त्याला काय वाटले ते सांगत असतो. “कधी झाले असे? तिथे आणखी कोण होते? तुम्ही त्याला तेव्हा काही सांगितले का? मेमो दिला होता?” एवढे विचारले की दोनपैकी एक होते. तारीख-वारासकट प्रसंग निघतो आणि मग तुम्हाला विचार करायला काही मिळते. नाही तर आवाज मऊ होतो : “तसे काही खास नाही, पण आपले जनरल…” त्या जनरलवरून कुणाची भाकर तोडू नका. स्तुतीलाही हीच परीक्षा लावा. “एकदम प्रामाणिक” म्हणणाऱ्याला विचारा, त्याच्या हातात रोकड किंवा स्टॉक होता का? नसेल तर तो प्रामाणिकपणा कुणी पाहिलेला नाही.

पायरी ७ : वाईट कळले तर उमेदवाराला बोलू द्या. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. मीही गाळली, म्हणून ती मुलगी गेली. कुणी सांगितले ते न सांगता एवढे म्हणता येते : “बाय, आधीच्या जागी ओव्हरटाइमवरून काही बोलणे झाले होते का? तुझी बाजू ऐकायची आहे.” उत्तरातून माणूस कळतो. हिशेब मागणारी मुलगी उद्या तुमच्याकडेही मागेल हे खरे आहे. तुमचा हिशेब सरळ असेल तर तिच्यासारखी कॅशियर शोधून सापडणार नाही.

बोलणे झाले की त्याच दिवशी चार ओळी लिहून ठेवा : कोणाशी, कधी, काय विचारले, काय उत्तर आले. आठ दिवसांनी आपल्या आठवणीत फक्त विशेषणे उरतात.

ज्याचा रेफरन्स घेतला जाणार त्याच्यासाठी

तयारी नोकरी सोडायच्या दिवशी नव्हे, लागायच्या दिवशी सुरू करा. नेमणूकपत्र मागून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातल्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत नेमणूकपत्र देणे मालकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. कुणी कौतुकाचा मेल पाठवला, पाहुण्याने नाव घेऊन शेरा लिहिला, ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’चा कागद मिळाला, तर त्याची प्रत आपल्या स्वतःच्या मेलवर ठेवा. ऑफिसचा मेल राजीनाम्याच्या संध्याकाळी बंद होतो. पाहुण्यांची माहिती किंवा कंपनीचे गुप्त कागद मात्र बाहेर नेऊ नका, ते अंगाशी येते.

राजीनामा लेखी द्या आणि पोच घ्या. नोटीस पिरियड शक्यतो पूर्ण करा. चाव्या, युनिफॉर्म, लॉकर, स्टॉक यांचा ताबा दिल्याची सही घ्या. हे कंटाळवाणे वाटते, पण ‘न सांगता पळाला’ हा हॉटेल धंद्यातला सर्वात स्वस्त आणि सर्वात नुकसान करणारा आरोप आहे, आणि त्याला उत्तर म्हणजे ही सही. वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे नोकरी सोडल्यापासून कामाच्या दोन दिवसांत देय वेतन मिळायला हवे. ‘फुल अँड फायनल’चा, म्हणजे शेवटच्या हिशेबाचा, कागद वाचल्याशिवाय सही करू नका.

मग दाखला. इथे दोन गोष्टींत गल्लत होते. अनुभवाचा दाखला म्हणजे पद आणि तारखा. रेफरन्स म्हणजे मत. जुन्या मालकाने तुमच्याबद्दल चांगले मत द्यावे अशी सक्ती कुठलाही कायदा करत नाही. दाखल्याची गोष्ट वेगळी. १९४६ च्या स्थायी आदेश (स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे आस्थापनेचे सेवानियम) कायद्याखालच्या नमुना आदेशांत कायम कामगाराला बडतर्फी, सेवामुक्ती किंवा निवृत्तीच्या वेळी सेवा दाखला मिळण्याचा हक्क लिहिलेला होता. बडतर्फ झालेल्यालाही, हे महत्त्वाचे. नव्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांचा भाग तीनशे कामगारांपासून वरच्या आस्थापनांना लागतो, म्हणजे वेर्ण्याच्या मोठ्या कारखान्याला लागू होईल, हरमलच्या बारा खोल्यांच्या गेस्ट हाउसला होणार नाही. तिथे तुम्हाला मागूनच घ्यावे लागेल. राजीनाम्याच्या पत्रातच एक ओळ घाला : “शेवटच्या दिवशी अनुभवाचा दाखला मिळावा ही विनंती.”

रेफरन्स म्हणून नाव देण्याआधी त्या व्यक्तीला विचारा आणि विचारताना वाट मोकळी ठेवा : “सर, तुम्हाला माझ्या कामाबद्दल मनापासून चांगले सांगता येईल का? नसेल तर तसे सांगा, मी दुसरे नाव देईन.” यावर जो क्षणभर घुटमळतो त्याचे नाव देऊ नका. हो म्हणणाऱ्याला नवी जागा कुठली, काम काय, आणि त्याने पाहिलेले तुमचे कुठले काम तिथे उपयोगी पडेल हे दोन ओळींत कळवा. यात फसवणूक काही नाही. वर्षापूर्वीचा तुमचा बँक्वेट त्याला आठवावा म्हणून दिलेली ती आठवण आहे.

साहेबच उरला नाही तर? हंगामी कामाचे हेच दुखणे आहे. मे अखेर शॅक मोडतात, मालक पुढच्या वर्षी दुसऱ्याच किनाऱ्यावर असतो, नंबर बदललेला असतो. खाणींच्या पट्ट्यात तर हे सगळ्या तालुक्याने भोगले. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली-सत्तरी-सांग्यातल्या मशीन ऑपरेटर, फिटर, ट्रकवाल्यांच्या हातात पंधरा पंधरा वर्षांचा अनुभव होता आणि तो सांगणारे ऑफिस कुलूपबंद. माझ्या नात्यातल्या एकाला तेव्हा पीएफच्या नोंदीने तारले. अशा वेळी पीएफ, ईएसआयचे (कर्मचारी विम्याचे) कार्ड, पगाराच्या बँक नोंदी, आयकराचा फॉर्म १६ आणि तुमच्याबरोबर काम केलेल्या दोन सहकाऱ्यांची नावे, एवढे एका पाकिटात घालून ठेवा. मालकाने पीएफमध्ये सोडल्याची तारीख चढवली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी सभासदाला ती स्वतः ऑनलाइन टाकता येते. ही सोय २०२० पासून आहे. शॅकवर असाल तर एप्रिलमध्येच, मालक निवांत असताना, त्याच्या लेटरहेडवर तीन ओळी लिहून सही घ्या.

आणि साहेबांशी वाकडे झालेले असेल तर ते लपवू नका. मुलाखतीत स्वतःच आधी सांगा, थोडक्यात, शिव्या न घालता : “ओव्हरटाइमवरून आमचे मतभेद झाले. माझी लेखी मागणी माझ्याकडे आहे. कामाबद्दल विचारायचे तर ड्युटी मॅनेजरना विचारा, मी त्यांच्याच शिफ्टला होते.” आधी कळलेली गोष्ट फोनवर दुसऱ्यांदा ऐकू येते तेव्हा तिचा दंश गेलेला असतो.

रेफरन्सचे हत्यार केले तर

“जातेस तर जा, पण गोव्यात कुठे नोकरी मिळते ते बघतो.” हे वाक्य उच्चारणारे लोक आहेत. बहुतेकांच्या हातात तेवढी ताकद नसते, पण ऐकणाऱ्याची झोप उडते. घाबरून नोकरीला चिकटून राहण्याआधी ते बोलणे तारीख, वेळ, साक्षीदारासकट लिहून ठेवा. व्हॉट्सॲपवर आले असेल तर जपा.

मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवली असतील तर लेखी मागणी करा, सात दिवसांची मुदत द्या, आणि नंतर पणजीला पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करा. थकलेल्या पगारासाठीही तेच दार. अर्जात विशेषणे नकोत, तारखा आणि रकमा लिहा. मूळ प्रमाणपत्र मुळात हातात देऊच नये. दाखवावे, प्रत द्यावी, परत घ्यावे.

बाईला तिच्या साहेबाने नको त्या गोष्टीसाठी नोकरीची किंवा पुढच्या नोकरीची भीती घातली असेल तर तो रेफरन्सचा प्रश्न उरत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये सध्याच्या किंवा पुढच्या नोकरीबद्दल दिलेली उघड अथवा आडून धमकीही मोडते. दहा किंवा जास्त माणसे असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. त्याहून छोट्या जागी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. मुदत प्रसंगापासून तीन महिन्यांची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने. नोकरी सोडली म्हणून हा हक्क संपत नाही. ही मुदत कित्येक मुलींना माहीतच नसते, म्हणून मोठ्याने सांगते आहे.

फोनवर खोटे सांगितले जात असल्याचा संशय असेल तर पुरावा मिळवणे कठीण असते, हे मान्य करूनच पुढे जावे. नकार देणाऱ्या एचआरला नम्रपणे विचारा : “माझ्या आधीच्या जागेकडून काही कळले का, ज्याचे मी उत्तर देऊ शकेन?” काही जण सांगतात. एका जागी नकार हा योगायोग असू शकतो. प्रत्येक वेळी फोन झाल्यावरच नकार येत असेल तर त्या साहेबांच्या वरिष्ठांना किंवा मालकांना लेखी कळवा आणि यापुढे फक्त तारखा व पद एवढेच सांगावे अशी विनंती करा. मोठ्या कंपन्या हे लगेच मान्य करतात, त्यांनाही भानगड नको असते.

त्यापुढचा रस्ता बदनामीच्या कायद्याचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. पण त्याच कलमात अपवादही आहेत. आपल्या किंवा दुसऱ्याच्या हितासाठी सद्भावनेने सांगितलेले मत गुन्हा ठरत नाही. म्हणजे प्रामाणिक वाईट रेफरन्सला संरक्षण आहे, आकसाने रचलेल्या खोट्याला नाही. दिवाणी भरपाईचा दावा करायचा तर मुदत एका वर्षाची. ब्रिटनमध्ये १९९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, स्प्रिंग विरुद्ध गार्डियन ॲश्युरन्स या खटल्यात, मालकाने रेफरन्स देताना वाजवी काळजी घेतली पाहिजे आणि निष्काळजीपणाने कामगाराचे नुकसान झाले तर तो जबाबदार, असे ठरवले. तो त्यांचा कायदा. पण मला ते तत्त्व मनापासून पटते. द्वेष नसतानाही निव्वळ बेफिकिरीने माणसाचे नुकसान होते, हे मी स्वतःच्या टेबलावर पाहिले आहे. वकिलाकडे जाण्याआधी मात्र खर्च, वेळ आणि पुरावा यांचा शांतपणे विचार करा.

एचआरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर “याला घेऊ नका” म्हणून फोटोसकट नाव टाकायची प्रथा आहे. असे नाव टाकू नका आणि दिसले तर त्यावर निर्णय घेऊ नका. तिथे ना प्रसंग असतो, ना त्या मुलाची बाजू, आणि तो फोटो पुढे वर्षानुवर्षे फिरत राहतो.

रेफरन्स देणाऱ्यासाठी

फोन आला की आधी समोरच्याची ओळख पटवा. नंबर घेऊन आपण उलट फोन केलेला बरा. माहीत आहे तेवढेच सांगा, आणि ‘मी पाहिले’ व ‘मी ऐकले’ हे वेगळे ठेवा. चौकशी अर्धवट राहिली असेल तर दोष सिद्ध झाल्यासारखे बोलू नका. चांगले सांगता येत नसेल तर “आम्ही फक्त तारखा आणि पद सांगतो” म्हणा. पण मग सगळ्यांसाठी तेच म्हणा. एकाची स्तुती आणि दुसऱ्यासाठी फक्त तारखा, म्हणजे पुन्हा तोच ‘डिक्लाइन टू रिपोर्ट’.

पत्र लिहायचे असेल तर मी असे लिहिते :

“श्री. अमुक हे आमच्याकडे १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात स्टुअर्ड होते. त्यांच्याकडे साठ कव्हरच्या रेस्टॉरंटमधले आठ टेबल होते. फेब्रुवारीपासून ब्रेकफास्ट बुफेची मांडणी त्यांनी एकट्याने सांभाळली. सुरुवातीला बिलिंग सॉफ्टवेअर शिकायला त्यांना वेळ लागला. दीड महिन्यानंतर चुका दिसल्या नाहीत. हंगाम संपल्यामुळे त्यांची सेवा संपली. मी या काळात त्यांची थेट वरिष्ठ होते आणि स्टुअर्डच्या कामावर त्यांना पुन्हा घेईन.”

त्यात एकही मोठे विशेषण नाही. बिलिंगची ओळ काढून टाकायचा मोह होईल, पण ती ठेवा. तिच्यामुळे वरच्या ओळी खऱ्या वाटतात. खाली नाव, पद, तारीख आणि ऑफिसचा नंबर लिहा. एक प्रत त्या मुलाच्या हातात द्या, म्हणजे आपल्याबद्दल काय सांगितले जाणार हे त्याला माहीत राहील, आणि दुसरी फाइलला लावा. पुढच्या सप्टेंबरात फोन येईल तेव्हा ती समोर धरून बोला.